पाहुण्याला उघडलेला फोन

पाहुण्यांना हॉटेलात न्यायचं नाही, घरीच जेवायला बोलवायचं, असं आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, सांगितलं तेव्हा दादाने वाद घातला नाही. गेल्या वर्षभरात त्याने आप्पांशी वाद घालणं सोडूनच दिलं होतं. रेडिओच्या काळापासून कंपनीचे सगळे मोठे सौदे याच टेबलावर ठरले होते. आणि आता वाद घालावा असं हातात उरलं होतं तरी काय? एकापाठोपाठ एक आलेले फोन बाजारात आपटले होते. रस्त्यापलीकडच्या कारखान्याची एक पाळी बंद करावी लागली होती. परवा हा नवा फोन बाहेर पडणार होता आणि तो चालला तरच कंपनी तरणार होती. त्याचं नाव मोठं झोकदार ठेवलं होतं, पण प्रयोगशाळेतली मुलं त्याला आपसांत ‘शेवटचा’ म्हणायची. दादाने ते एकदा लिफ्टमध्ये ऐकलं होतं आणि ऐकूच आलं नाही असं दाखवलं होतं.

नाव शोधलं होतं बाळने. बाळ म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकला, कंपनीची सगळी जाहिरात आणि विक्री त्याच्या हातात आली, तरी घरात तो बाळच राहिला होता. आज त्याने नवा कोट घातला होता आणि सूप येण्याआधीच पाहुण्याला दोनदा हसवलं होतं.

पाहुणा म्हणजे शहरोशहरी दुकानं असलेल्या एका मोठ्या साखळीचा नवा खरेदीप्रमुख. कुठला फोन दुकानात समोर मांडायचा आणि कुठला मागच्या फळीवर टाकायचा हे त्याच्या हातात होतं. दोघा भावांच्याच वयाचा, मितभाषी माणूस. जाड काड्यांचा चष्मा, नीट कातरलेली पांढुरकी दाढी. मधूनमधून तो खिडकीतून समोरच्या कारखान्याकडे बघत होता. ते दादाला चांगलं लक्षण वाटलं.

फळं आली तसा बाळने कोटाच्या खिशातून मऊ कापडात गुंडाळलेला फोन काढला.

“साहेब, आता बघा. हा दादाचा फोन. दादाचा चेहरा दिसल्याशिवाय हा कुणालाही दाद देणार नाही. दादाचा फोटो समोर धरा, मुखवटा करून आणा, काही उपयोग नाही. बँकेचे व्यवहार, डॉक्टरांचे कागद, बायकोचे निरोप, सगळं याच्या पोटात सुखरूप.”

“बायकोचे निरोप माझ्या फोनमध्ये फक्त सामानाचे असतात,” दादा म्हणाला. पाहुणा हसला.

दादाने फोन हातात घेतला आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. फोन उघडला. मधे जरासाही वेळ गेला नाही. हा वेग बाळने भांडून मिळवला होता. आधी फोन डोळे बारीक करून बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखा क्षणभर विचार करायचा, आणि बाळचं म्हणणं होतं की गिऱ्हाईक त्या क्षणभरातच दुसऱ्या कंपनीकडे वळतं.

फोन टेबलावरून फिरला. दादाच्या आईने तो आरशासारखा समोर धरला. काही झालं नाही. “मला काही ओळखत नाही बाबा हा,” ती म्हणाली. ताटल्या उचलायला आलेल्या स्वयंपाकीणबाईंनाही बाळने बघायला लावलं. त्या लाजल्या, फोन ढिम्म राहिला.

“आता तुम्ही, साहेब.”

पाहुण्याने रुमालाला बोटं पुसली, फोन घेतला आणि समोर धरला.

फोन उघडला.

“उघडला की,” पाहुणा म्हणाला. तो अजून हसत होता. हाही खेळाचाच भाग असेल, असं त्याला वाटलं असावं.

बाळही हसला. “दादा, तू मागून डोकावलास वाटतं. बाजूला हो जरा.”

दादा खुर्चीवरून उठून पार दारापाशी गेला. बाळने फोन बंद करून परत पाहुण्याच्या हातात दिला. फोन उघडला. पाहुण्याने चष्मा काढला. उघडला. तो उठून खिडकीशी गेला, सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला, आणि तिथूनही सगळ्यांना पडदा उजळलेला दिसला. दादाच्या बायकोचा ताजा निरोप वर आला होता. ती माहेरी गेली होती आणि बैठक कशी झाली ते विचारत होती.

पाहुणा परत आला. दुसऱ्याचं काही खाजगी चुकून दिसल्यावर माणूस जसा नजर वळवतो, तसा त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. आता कुणीच हसत नव्हतं. दादाला आपल्या कानांत एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. परवाचं सभागृह, बोलावलेले पत्रकार, सजवलेलं व्यासपीठ, सगळं त्या शिट्टीच्या पलीकडे कुठेतरी लांब उभं होतं.

“चिऊ,” तो म्हणाला.

चिऊ ही दादाची मुलगी. प्रयोगशाळेत तिला मॅडम म्हणत, पण तिकडची मॅडम या टेबलावर कधी कुणी येऊ दिली नव्हती. फोनने चेहरा ओळखायचा तो सगळा भाग तिच्या हाताखाली तयार झाला होता. ती टेबलाच्या टोकाला बसली होती. तिला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची होती. हे तिने स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

“काका, तू बघ फोनमध्ये,” ती म्हणाली.

“मी कशाला?”

“बघ ना.”

बाळने पाहुण्याकडे एक नजर टाकली आणि नाइलाजाने फोन उचलला. फोन उघडला.

“हे तुम्हाला माहीत होतं?” पाहुण्याने शांतपणे विचारलं.

“तसं नाही, साहेब,” बाळ घाईने बोलू लागला. “तांत्रिक बाब आहे. अगदी अपवाद म्हणून...”

“माहीत होतं,” चिऊ म्हणाली. “फोन लवकर उघडावा म्हणून आम्ही ओळखण्याची कसोटी सैल केली. सख्खे भाऊ असले तर तो फसतो, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“आम्हाला सगळ्यांना माहीत होतं,” दादा म्हणाला.

तिने चमकून वडिलांकडे पाहिलं. कसोटी सैल करायचं ठरलं त्या बैठकीत तोच तिला म्हणाला होता, की भावाचा फोन उघडायला जातंय कोण. आप्पांनी मान डोलावली होती, बाळने टाळी दिली होती आणि तिने आपला लॅपटॉप मिटला होता. आज पहिल्यांदाच बाबा तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता, आणि तोही पाहुण्यासमोर.

“पण हे तर आमचे कुणी नाहीत,” ती म्हणाली. “परक्या माणसाला उघडायलाच नको. काहीतरी दुसरंच बिघडलंय. साहेब, तुमची हरकत नसेल तर मी तुमचा चेहरा मोजून बघू? लगेच पुसून टाकीन.”

“बघा,” पाहुणा म्हणाला.

तिने ताटल्या सरकवून लॅपटॉपला जागा केली. फोनने पाहुण्याचा चेहरा टिपला आणि तो पडद्यावर बारीक ठिपक्यांच्या जाळ्यासारखा उमटला. फोनला दाढी दिसत नाही, चष्मा दिसत नाही. टक्कल आणि केस त्याला सारखेच. त्याला फक्त हाडांची ठेवण दिसते. डोळ्यांच्या खोबणी, नाकाचा उंचवटा, हनुवटीचा कोन. तिने शेजारी बाबाच्या चेहऱ्याचं जाळं आणलं, त्याच्या शेजारी काकाचं.

मग ती कामात बुडाली आणि टेबल विसरली. तिची ती सवयच होती. दोन जाळी एकमेकांवर ठेवली, फिरवली, परत ठेवली.

“गंमत आहे,” ती पडद्याकडे बघतच म्हणाली. “बाबा, काका तुझ्याशी जुळतो त्यापेक्षा हे तुझ्याशी जास्त जुळतात. काका आजीवर गेलाय म्हणून असेल. पण इतकं जुळणं, हे तर सख्ख्या भावांमध्येच...”

वाक्य तोंडातच राहिलं. तिने मान वर केली. पाहुणा चष्मा हातात धरून उभा होता. समोरच्या कपाटाच्या काचेत बाबा आणि तो, दोघांच्या प्रतिमा शेजारी शेजारी पडल्या होत्या, आणि मघापासून जे फोनला दिसत होतं ते आता तिलाही दिसलं.

पुढचं ती का बोलली हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. एक नमुना कमी पडतोय, दुसरा घ्यायला हवा, एवढंच बहुधा डोक्यात होतं.

“आजोबा, तुम्ही बघता का एकदा? नुसतं बघायचंय.”

तिने फोन आप्पांकडे वळवला. आप्पा टेबलाच्या मुख्य खुर्चीत बसले होते. मघापासून ते काही बोलले नव्हते, हे आत्ता तिच्या लक्षात आलं. आप्पांना फोटो काढून घेण्याची भारी हौस. कारखान्याच्या जिन्यात, कचेरीत, या खोलीच्या भिंतीवर, सगळीकडे त्यांची ती उचललेली हनुवटी होती. त्याच आप्पांनी आता तोंड खिडकीकडे फिरवलं आणि फोनच्या आणि आपल्या मध्ये हाताचा पंजा धरला.

“बंद कर ते,” ते म्हणाले.

आईला आधी काही उलगडलं नाही. ठिपके, जाळी, कसोटी, यातलं तिला काही कळत नव्हतं आणि ऐकूही नीट येत नव्हतं. पण चेहऱ्यासमोर धरलेला तो हात तिने पाहिला. या माणसाला तिने दिवाळं निघताना पाहिलं होतं, संपाच्या वेळी दगड अंगावर येताना पाहिलं होतं. त्याने तोंड लपवलेलं मात्र कधी पाहिलं नव्हतं.

ती पाहुण्याकडे वळली.

“तुमच्या आई काय करायच्या?”

“आई?” पाहुण्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि परत काढला. “आई रेडिओच्या कारखान्यात होती. ह्याच, समोरच्या. जेवताना विषय निघाला की सांगायचं, असं मी ठरवलं होतं. आज तुमच्याकडे येतोय हे तिला सांगून आलोय.”

“मग काय म्हणाल्या?”

“काहीच नाही. मग म्हणाली, नीट जेव.”

“कुठल्या खात्यात होत्या?”

“सोल्डरिंगला. मी व्हायच्या आधीच सोडलं तिने.”

आईच्या समोरून ताटल्या, फळं, लॅपटॉप सगळं पुसलं गेलं. त्या जागी लांबलचक बाक आला आणि बाकाकडेला ओळीने बसलेल्या मुली आल्या. तेव्हा कारखाना म्हणजे दोन खोल्या होत्या आणि मालकाची बायकोही बाकावर बसून काम करत असे. शेजारच्या स्टुलावरच्या मुलीला तिनेच शिकवलं होतं, तार कशी धरायची, धूर नाकात कसा जाऊ द्यायचा नाही. ती मुलगी सारखी काहीतरी कुरतडत असायची. म्हणून सगळ्या तिला खार म्हणायच्या. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. बाळच्या वेळेला आईला वास सहन व्हायचा नाही, तर तिचं काम उरकून द्यायला खार मागे थांबायची. मग एक दिवस ती आलीच नाही.

“तुमच्या आईला खार म्हणायचे का?”

पाहुणा तिच्याकडे वळला. “तुम्हाला कसं माहीत? मावशी अजून तिला त्याच नावाने हाक मारते.”

आईने नवऱ्याकडे पाहिलं. “ती लग्न ठरलं म्हणून गेली, असं तुम्ही मला सांगितलं होतं.”

आप्पांनी हात खाली घेतला. “मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

“काय माहीत नव्हतं?”

“मुलगा झाला ते.”

आपण काय बोलून बसलो हे आप्पांना सगळ्यात शेवटी कळलं. त्यांनी पाण्याचा पेला उगाचच डावीकडून उजवीकडे ठेवला.

“माझे वडील बंदरावर कामाला होते,” पाहुणा हळूहळू म्हणाला. तो कुणालाच उद्देशून बोलत नव्हता. “मी जन्मायच्या आधी गेले ते. आमच्या घरात त्यांचा फोटो आहे. टोपी घातलेला. टोपीची सावली पडल्यामुळे चेहरा नीट दिसत नाही.” तो थांबला. “मी लहानपणी तिला विचारायचो, त्यांचे डोळे कसे होते म्हणून. ती म्हणायची, तुझ्यासारखेच.”

दादा त्याच्याकडे एक पाऊल गेला आणि तिथेच अडला. अशा वेळी हात पुढे करायचा की काय करायचं, कोण सांगणार?

पाहुण्याने खुर्चीवरचा कोट उचलला. त्याला अस्तनी सापडेना. बाळ मदतीला उठला, तर पाहुण्याने मानेनेच नको म्हटलं. दाराशी पोचल्यावर त्याला आपण कशासाठी आलो होतो याची आठवण झाली असावी.

“हा फोन मी आमच्या दुकानांत ठेवू शकत नाही,” तो म्हणाला. “म्हणजे असा असताना नाही. परक्या माणसाला...” त्याने तो शब्द तसाच सोडला. “तुम्ही दुरुस्त करून आणा. तेव्हा तपासायला माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी येईल. मी आलेलं बरं दिसणार नाही.”

त्याची पावलं जिन्यावरून उतरत गेली. मधेच ती थांबली.

पहिल्यांदा बाळला कंठ फुटला. दादाला ते अपेक्षितच होतं. बाळला शांतता कधीच सहन होत नसे.

“हे बघा, आपण आधी डोकं ताळ्यावर ठेवू,” बाळ म्हणाला. “झालं ते झालं. हे या खोलीतच राहील. परवाचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. यांची दुकानं नाहीत तर दुसरी बघू. आणि फोनचं म्हणशील तर, चिऊ, जगात किती जणांना असा ऐन वेळी भाऊ सापडतो?”

“सख्खे भाऊ घरोघरी असतात, काका,” चिऊ म्हणाली. “बहिणी असतात, जुळी असतात. एक भाऊ दुसऱ्याचं बँक खातं उघडेल आणि लोक आपल्याला विचारायला येतील.”

“मग नंतर दुरुस्ती पाठवू. सगळेच पाठवतात.”

“पेटीवर काय छापलंय आपण? ‘फक्त तुमच्यासाठी.’ ते कसं दुरुस्त करशील?”

“परवा फोन बाहेर पडलाच पाहिजे,” आप्पा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांचा आवाज पुन्हा अध्यक्षांचा झाला होता, फक्त बोटं अजून पेल्याभोवती घट्ट होती.

“आता थांबवलंत तर पहिला प्रश्न येईल, का थांबवला. काय सांगाल? कसं कळलं म्हणून सांगाल? या टेबलावर कोण जेवायला बसलं होतं ते सांगाल? मी हे नाव असंच उभं केलेलं नाही.”

दादाने वडिलांकडे पाहिलं. आयुष्यभर त्याला वाटत आलं होतं की आप्पांना कंपनीची काळजी असते आणि आपल्याला ती पेलत नाही. तीन-तीन फोन आपटले तेव्हाही त्याला स्वतःपेक्षा आप्पांच्या नजरेची जास्त धास्ती होती. आज त्याला प्रथमच दिसलं की समोरच्या कारखान्यातली माणसं, त्यांची बंद पडलेली पाळी, त्याची स्वतःची मुलगी, यातलं काहीही आप्पांच्या डोळ्यांपुढे नाही. त्यांना फक्त हा प्रश्न कुणी विचारू नये, एवढंच हवं होतं. फोन लोकांच्या माथी मारायचा, तो त्यासाठी.

“तुम्ही त्याला बसा म्हणाला नाहीत,” दादा म्हणाला.

“काय?”

“तो उठला तेव्हा. तुम्ही त्याला बसा असंसुद्धा म्हणाला नाहीत, आप्पा.”

“मला काही सुचलं नाही.”

“मलाही नाही सुचलं,” दादा म्हणाला आणि खुर्चीत बसला. परवाचा फोन थांबवला तर कंपनी बहुतेक बुडणार होती. पाठवला तर नक्की बुडणार होती, थोडी उशिरा आणि बदनाम होऊन. एवढं साधं गणित या खोलीत इतके दिवस कुणी मांडलं नव्हतं, कारण ते मांडायला निघालेल्या पोरीला त्यानेच गप्प केलं होतं.

आईची खुर्ची मागे सरकली. तिने मांडीवरचा रुमाल घडी घालून ताटलीशेजारी ठेवला.

“तो फोन थांबवा,” ती म्हणाली.

“अगं, तुला त्यातलं...” आप्पांनी सुरुवात केली.

“कंपनीत माझं नाव आहे ना? इतकी वर्षं तुम्ही बोट ठेवाल तिथे मी सही करत आले. आज मला कुणी विचारलं नाही, तरी मी सांगते. माझं मत थांबवायला आहे.”

ती टेबलाला वळसा घालून निघाली. आप्पांच्या खुर्चीमागून जाताना ती थांबेल असं दादाला वाटलं. ती थांबली नाही.

“आई, कुठे निघालीस?” बाळने विचारलं.

“खाली.”

दादाने खिशातून आपला जुना फोन काढला. सभागृहवाल्यांचा नंबर शोधताना त्याचा अंगठा भलत्याच ठिकाणी पडत होता. बाळ थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने दादाच्या हातातून फोन हळूच काढून घेतला.

“दे इकडे. पत्रकारांना मी बोलावलंय, मीच सांगतो. तुला सांगता यायचं नाही, तू मधेच माफी मागत बसशील.”

“काय सांगशील?”

“चिऊ सांगेल ते.” बाळच्या आवाजात आज पहिल्यांदाच विकण्याजोगं काही नव्हतं. “फोन चेहरा नीट ओळखत नाही, म्हणून तो आम्ही थांबवतोय. एवढं खरं आहे ना गं?”

चिऊने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. तिने लॅपटॉपवरचा पाहुण्याचा चेहरा पुसून टाकला. तसं तिने कबूल केलं होतं. बाबाचं जाळं पडद्यावर एकटंच उरलं.

आप्पा अजून खिडकीकडेच बघत होते.

पाहुणा गाडीत बसला होता, पण त्याने गाडी चालू केली नव्हती. दोन्ही हात चाकावर होते. आईने पलीकडच्या काचेवर टिचकी मारली तेव्हा तो दचकला आणि लगबगीने खाली उतरला.

“तुम्ही कशाला उतरलात? घरातल्या चपला आहेत पायात.”

“असू देत. आई घरी आहेत?”

“आहे.”

“चालतं-फिरतं आहे ना सगळं?”

“गुडघे दुखतात. बाकी ठणठणीत आहे.”

“मला घेऊन चला त्यांच्याकडे.”

जिन्यात त्याने बऱ्याच गोष्टींची तयारी केली असावी, माफीची, समजुतीची, कदाचित वकिलाचीही. ही तयारी त्याची नव्हती. त्याने गाडीचं दार उघडलं, पुढच्या आसनावरच्या फाइली मागे टाकल्या, आणि तिला बसायला हात दिला.

गाडी फाटकातून बाहेर पडली. कारखान्याची पाळी सुटत होती. निळ्या कपड्यांतली माणसं रस्ता ओलांडायला थांबली होती आणि मालकीणबाई कुणाच्या तरी गाडीत पुढे बसून चालल्यात हे बघून त्यांनी एकमेकांना कोपरं मारली.

“तिला फोन करून सांगू का?” पाहुण्याने विचारलं. “तुम्ही येताय म्हणून.”

“काय सांगाल?”

त्याचा खिशाकडे गेलेला हात परत चाकावर आला.

“नको,” आई म्हणाली. “ती घाबरेल. इतकी वर्षं तिने एकटीने सांभाळलंय, आणखी थोडा वेळ निवांत असू दे तिला.” मग काही वेळाने ती म्हणाली, “मी तिला शोधायला हवं होतं. लग्न झालं म्हटल्यावर मला बरंच वाटलं होतं. तिला भेट म्हणून मी एक चादरसुद्धा विणून ठेवली होती. पत्ता कुणाकडेच नव्हता.”

बाजार मागे पडला, सिग्नल लागला, सुटला. आईने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पुढे रस्ता एका अरुंद पुलाखालून वळत होता. समोरून ट्रक येत होता. पाहुण्याने वेग कमी केला, मान किंचित पुढे काढली आणि खालचा ओठ दातांत धरून, श्वास रोखून, बेताने गाडी वळवली. ट्रक निघून गेल्यावरच त्याने ओठ सोडला.

आई त्याच्याकडे बघतच राहिली. तापलेली लोखंडी कांडी हातात घेऊन बारीकशा टोकावर नेम धरताना खार अगदी असाच ओठ धरायची. थेंब नीट बसला की मग सोडायची.

“तुम्ही तुमच्या आईवर गेलात,” ती म्हणाली.

पाहुण्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली, आणि कपाळ चाकावर टेकवलं. आईने मांडीखालचा एक हात काढून त्याच्या पाठीवर ठेवला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तिने तो तसाच वाजू दिला.